ग्रीष्मातील गर्भिणी : ‘उष्णता’ या एका शब्दापाशी थांबू नये

चैत्र सरत आला की आमच्या विदर्भातील चिकित्सालयात रुग्णांच्या तक्रारींची भाषा बदलते. सर्दी-खोकला मागे पडतो आणि ‘उष्णता झाली’, ‘ऊन लागले’, ‘उन्हाळी लागली’ हे शब्द दिवसभर कानी पडू लागतात. गर्भिणी आणि तिच्यासोबत आलेल्या सासूबाई निदान घरूनच करून येतात. ‘गरमीचे दिवस आहेत डॉक्टरसाहेब, काहीतरी थंड द्या’ एवढीच त्यांची मागणी असते. आपण शीतवीर्य औषध लिहून देतो, औषधी दुकानदारही तेच देतो, आणि बहुतेक वेळा काम भागते. ज्या वेळी ते भागत नाही, त्या वेळेसाठी हा लेख आहे.

काही वर्षांपूर्वी, ऐन वैशाखात, सहाव्या महिन्यातील एक प्रथमगर्भा आमच्याकडे आली. मूत्रप्रवृत्तीच्या वेळी दाह, वारंवार वेग, ओटीपोटात जडपणा एवढ्याच तक्रारी होत्या. ताप नव्हता. ती रोज पत्र्याच्या शेडमध्ये बसून काम करीत असे आणि जवळपास स्वच्छतागृह नसल्यामुळे पाणी मुद्दाम कमी पीत असे. हे आम्हांस नंतर कळले, कारण त्या दिवशी आम्ही ते विचारलेच नव्हते. आम्ही ‘उन्हाळी’ समजून धन्याचा हिम आणि गोक्षुर चूर्ण दिले, भरपूर पाणी पिण्यास सांगितले व आठ दिवसांनी बोलाविले. चौथ्या रात्री तिला थंडी वाजून ताप आला, उजव्या कुशीत तीव्र वेदना सुरू झाल्या आणि पाठोपाठ कळाही येऊ लागल्या. निदान वृक्कापर्यंत पोहोचलेल्या मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचे झाले. रुग्णालयातील उपचारांनी कळा थांबल्या व पुढे माता आणि बालक दोघेही सुखरूप राहिले. पण त्यात आमचे कौशल्य काहीच नव्हते. मूत्राची एक साधी तपासणी त्याच दिवशी करून घेतली असती, तर ती रात्र त्या कुटुंबावर आली नसती. आमचे औषध शीत होते, ऋतूला धरून होते. चूक निदानाची होती.

शास्त्राची दृष्टी

ग्रीष्म हा आदानकालाचा शेवटचा ऋतू. सूर्य स्नेहांश शोषून घेतो, बल हीन होते, अग्नी मंदावतो आणि वाताचा संचय होतो. चरकांनी सूत्रस्थानाच्या सहाव्या, तस्याशितीय अध्यायात या ऋतूसाठी मधुर, शीत, द्रव व स्निग्ध आहार सांगितला आहे; लवण, अम्ल, कटू व उष्ण पदार्थ आणि व्यायाम वर्ज्य करण्यास सांगितले आहे. एरवी निषिद्ध असलेल्या दिवास्वापास या ऋतूत अनुज्ञा आहे, हेही आपण जाणतोच.

परंतु गर्भिणीच्या संदर्भात आम्हांस याहून महत्त्वाचे वाटतात ते दुसरे दोन उल्लेख, जे एकत्र वाचले पाहिजेत. पहिला उल्लेख चरक सूत्रस्थानाच्या २२ व्या, लंघनबृंहणीय अध्यायातील होय. तेथे लंघनाचे दहा प्रकार दिले आहेत : चार संशोधने, आणि त्याखेरीज पिपासा, मारुत, आतप, पाचन, उपवास व व्यायाम. म्हणजे ऊन हे केवळ दाहाचे कारण नसून शरीर कृश करणारा तो एक उपक्रमच आहे. दुसरा उल्लेख अष्टांगहृदय सूत्रस्थानाच्या १४ व्या, द्विविधोपक्रमणीय अध्यायातील. ज्यांचे बृंहण करावे अशांच्या यादीत वाग्भटांनी गर्भिणी व सूतिका यांची गणना केली आहे, आणि ग्रीष्मात तर इतरांचेही बृंहण करावे असे म्हटले आहे.

आता तेंदूपाने तोडण्यास गेलेली गर्भिणी डोळ्यांसमोर आणावी. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर या जिल्ह्यांत हा हंगाम भर उन्हाळ्यात येतो. भल्या पहाटे जंगलात गेलेली ती स्त्री पुढे पानांचे पुडके बांधण्यात दुपार घालविते. आतप, उष्ण मारुत, पिपासा, व्यायाम आणि अनेकदा उपवासही, असे दहांपैकी पाच लंघनप्रकार तिला एकाच दिवशी घडतात. आणि हे सर्व बृंहणास पात्र असलेल्या अवस्थेत, बृंहणास योग्य अशा ऋतूत. वीटभट्टीवरची स्त्री, एप्रिलपर्यंत उसाच्या फडात राहिलेली स्त्री, पत्र्याच्या घरात दुपारभर चुलीपुढे असलेली स्त्री यांचीही हीच गत. ज्येष्ठातील वटपौर्णिमेचा निर्जळ उपवास करणाऱ्या सुखवस्तू घरातील गर्भिणीलाही पिपासा आणि उपवास चुकत नाहीत. गर्भिणीची काळजी तेलाने काठोकाठ भरलेले पात्र हाती धरल्याप्रमाणे घ्यावी, अशा आशयाची उपमा चरकांनी शारीरस्थानात दिली आहे. ग्रीष्मात त्या पात्राला सर्वांत मोठा धक्का उन्हाचा असतो.

आधुनिक ज्ञानाचा दुजोरा

गर्भावस्थेत रक्ताचे आकारमान सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, चयापचयाची उष्णता वाढते आणि गर्भाचे तापमान मातेहून सुमारे अर्धा अंश सेल्सिअसने अधिक असते. गर्भाला स्वतःची उष्णता मातेच्या रक्तामार्फतच बाहेर टाकावी लागते. मातेच्या शरीरातील जल घटले व तिचे रक्त त्वचेकडे वळले की गर्भाशयाकडे जाणारा प्रवाह कमी पडू शकतो. पहिल्या तिमाहीच्या आरंभी मातेचे आंतरिक तापमान ३९ अंशांवर जाऊन राहणे हे गर्भाच्या मज्जानलिकेच्या व्यंगांशी जोडलेले आहे.

२७ देशांतील ७० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तापमान दर एका अंशाने वाढले असता अकाली प्रसूतीची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी, तर उष्णतेच्या लाटेत सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. तामिळनाडूतील सुमारे ८०० गर्भिणींच्या अभ्यासात, उष्ण जागी काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. हा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला.

मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर आणि सरासरीहून किमान ४.५ अंशांनी अधिक, अथवा थेट ४५ अंश झाले की हवामान खाते उष्णतेची लाट मानते. किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७ अंशांची आहे. तथापि आकड्यावर विसंबू नये. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने अनेकांचा मृत्यू झाला, त्या दिवशी पारा ४० च्या आतच होता. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून कोकणातील ३७ अंश विदर्भातील ४२ अंशांइतकेच घातक ठरू शकतात.

‘उष्णते’आड दडणाऱ्या चार तक्रारी

खालील चार प्रसंगी ‘उष्णता’ हा शब्द ऐकताच लेखणी क्षणभर थांबवावी, अशी आमची वैद्यबंधू-भगिनींना विनंती आहे.

१) ‘उन्हाळी लागली’ : जल कमी पडल्याने मूत्रदाह होतो हे खरे, पण मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचे लक्षणही तेच. गर्भावस्थेत मूत्रवाहिन्या शिथिल होतात, मूत्र साचते व संसर्ग वर चढणे सोपे होते. म्हणून प्रत्येक मूत्रदाही गर्भिणीची मूत्रपरीक्षा, आणि शक्य तेथे जंतुसंवर्धन तपासणी, औषधाआधी करावी. संसर्ग आढळल्यास प्रसूतितज्ज्ञांच्या सल्ल्याने योग्य प्रतिजैविक द्यावे लागते. तेथे आपला हिम व फांट साहाय्यक आहे, पर्याय नव्हे. ताप, थंडी अथवा कुशीत वेदना असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

२) ‘उन्हाने डोके दुखते’ : विसाव्या आठवड्यानंतर शिरःशूल घेऊन आलेल्या प्रत्येक गर्भिणीचा रक्तदाब मोजलाच पाहिजे. १४०/९० किंवा अधिक रक्तदाब, डोळ्यांपुढे अंधारी वा काजवे, उरोभागाखाली वेदना, चेहऱ्यावर व हातांवर सूज ही लक्षणे उन्हाची नसून गर्भाक्षेपकाची पूर्वसूचना असू शकतात. कपाळावर चंदनाचा लेप लावून अशा स्त्रीस घरी पाठविणे म्हणजे तिला संकटात लोटणे होय.

३) ‘उष्णतेने अंगाला खाज सुटते’ : घामोळ्या व ताणलेल्या उदरत्वचेची कंडू सर्वसामान्य आहे. किक्किसाचे वर्णन करताना चरकांनी चंदन-मृणालाच्या कल्काचा लेप सांगितलेला आहे व तो उपयुक्तही आहे. पण शेवटच्या तिमाहीत, अंगावर पुरळ नसताना, विशेषतः तळहात व तळपायांना रात्री वाढणारी खाज असेल, तर यकृतातील पित्तस्रावाच्या अवरोधाची शंका घ्यावी. यकृताच्या चाचण्या व रक्तातील पित्ताम्लांची तपासणी करून घ्यावी. हा विकार मातेला केवळ त्रासदायक वाटतो, गर्भाला मात्र घातक ठरू शकतो.

४) ‘ऊन लागून ताप आला’ : हिवताप, डेंग्यू, मूत्रसंसर्ग आणि उष्माघात या चारही शक्यता तपासल्याखेरीज ‘ऊन बाधले’ असा शिक्का मारू नये. गर्भावस्थेत कोणताही तीव्र ताप हा स्वतःच गर्भोपघातकर समजावा.

याशिवाय ‘उन्हामुळे बाळ सुस्त झाले’ असे कोणी म्हटले, तर पाणी पाजून वाट पाहू नये. गर्भाची हालचाल कमी होणे हे कोणत्याही ऋतूत त्वरित तपासणीचे कारण आहे.

आहार व विहार

सल्ला देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : काम कोठे व कोणत्या वेळी, घराचे छत कसले, पाणी किती, आणि मूत्रप्रवृत्ती दिवसातून किती वेळा व कोणत्या रंगाची. गडद पिवळा रंग व चारपेक्षा कमी वेळा प्रवृत्ती म्हणजे जल निश्चितच अपुरे. स्वच्छतागृहाअभावी पाणी टाळणाऱ्या स्त्रीला ‘भरपूर पाणी प्या’ हे सांगणे पुरेसे नाही. सोय कशी होईल हे पती, मुकादम किंवा आशाताईंशी बोलून ठरवावे लागते. दुपारी १२ ते ४ या वेळात हिला उन्हात काम देऊ नये, असे पत्र आम्ही आता आमच्या शीर्षपत्रावर लिहून देतो. आमच्या अनुभवात दहा वेळा तोंडी सांगण्याहून त्या एका कागदाचा उपयोग अधिक होतो.

उष्ण जागी काम अटळ असेल तर दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता घ्यावे. सातूचे पीठ, ताक, आंबील, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत, नारळपाणी, कलिंगड, काकडी ही आपल्या घरांतील परंपरागत ग्रीष्मचर्याच आहे. चरकोक्त सशर्कर मंथाचे नाते आपल्या सातूशी जुळते, हे रुग्णास आवर्जून सांगावे. मात्र दोन अपवाद ध्यानी ठेवावेत. गर्भावस्थेतील मधुमेह असलेल्या स्त्रीस पन्हे, सरबत, गुलकंद मुक्तपणे देऊ नये. ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यावर दोन तासांनी रक्तशर्करा १४० किंवा अधिक आल्यास हा विकार मानला जातो. रक्तदाब वाढलेल्या स्त्रीने मिठाचे सरबत व खारट ताक आपल्या मनाने वाढवू नये. उघड्यावरचा बर्फ व कापून ठेवलेली फळे सर्वांनीच टाळावीत.

पंख्यावर फार भिस्त ठेवू नये; हवा ४० अंशांवर गेली की पंखा उष्ण वाराच अंगावर आणतो. कोरड्या हवेत वाळ्याचे पडदे वा कूलर उत्तम, पण समोरची खिडकी उघडी हवी. दमट किनारी भागात कूलरचा लाभ अल्प. तेथे वारंवार स्नान व ओल्या कापडाने अंग पुसणे बरे. पत्र्याच्या घरातील गर्भिणीने दुपार झाडाखाली किंवा शेजारच्या स्लॅबच्या घरात काढावी. वैशाखातील लग्ने आणि डोहाळजेवणे सायंकाळी ठेवावीत, एवढे सांगण्याचा अधिकार कुटुंबाच्या वैद्याला निश्चितच आहे.

त्वचा आणि सूर्यप्रकाश

गर्भावस्थेत गालांवर व कपाळावर येणारे वांग उन्हाने गडद होतात. छत्री, पदर वा रुंद काठाची टोपी हे पहिले औषध. लेपनासाठी यशद भस्माचे सजातीय असे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली सूर्यरोधक मलमे गर्भिणीस चालतात. हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइनयुक्त मलमे वर्ज्य. लेबल नसलेली किंवा घटक न सांगणारी ‘गोरेपणाची’ मलमे तर सक्तीने बंद करावीत, कारण अशा मलमांत पारा आढळल्याची उदाहरणे वारंवार उघडकीस आली आहेत. तो त्वचेतून शोषला जाऊन वृक्कांना व गर्भालाही बाधक ठरतो. प्रसूतीनंतर वांग बहुधा फिकट होतात, हा दिलासा रुग्णास द्यावा. घामोळ्यांवर तेल-तूप चोळू नये. सैल सुती वस्त्र, गार पाण्याचे स्नान व अंग कोरडे ठेवणे पुरेसे.

याचा अर्थ सूर्य वैरी आहे असा नव्हे. घराबाहेर न पडणाऱ्या गर्भिणींत जीवनसत्त्व ‘ड’ची कमतरता आपल्याकडे विपुल आढळते. अगदी कोवळ्या उन्हात त्यास लागणारे किरण अल्प असतात. म्हणून ग्रीष्मात सकाळच्या उत्तरार्धात, ऊन सोसवेल इतकाच अल्पकाळ, हात-पाय उघडे ठेवून बसावे. कमतरता सिद्ध झाल्यास पूरक मात्रा द्यावी. उन्हात ताटकळून ती भरून काढण्याचा हट्ट नसावा.

औषधी दुकानदार मित्रांसाठी

उन्हाळ्यात ‘थंड औषध’ मागणारी स्त्री समोर आली की प्रथम एकच प्रश्न विचारावा : ‘ताई, दिवस गेले आहेत का?’ उत्तर होकारार्थी असल्यास पुढील औषधे वैद्याच्या लेखी सल्ल्याविना देऊ नयेत.

अविपत्तिकर चूर्ण : आम्लपित्तावर सर्रास मागितले जाते, पण त्यात त्रिवृत्ताचे, म्हणजे निशोत्तराचे, प्रमाण मोठे असून ते विरेचक आहे.

चंद्रप्रभा वटी : ‘उन्हाळी’साठी हमखास मागणी. तिच्यात त्रिवृत् व दंती ही विरेचक द्रव्ये आहेत.

सूतशेखर रस : यात पारद, ताम्रभस्म व धोत्र्याचे बीज असते. लघुसूतशेखर हा कल्प गैरिक, शुंठी व नागवल्ली यांचा असून सर्वस्वी भिन्न आहे. नावाच्या साम्याने गल्ल्यावर घोटाळा होतो, तो टाळावा.

कुमारी आसव : गर्भिणीस वर्ज्यच.

उशीरासव, चंदनासव, सारिवाद्यासव : नावे शीतल असली तरी ही संधानकल्पना आहे व तीत स्वयंजनित मद्यांश असतो. गर्भावस्थेत मद्याची सुरक्षित मात्रा ठरलेली नाही. त्याऐवजी तीच द्रव्ये हिम स्वरूपात घेता येतात. शार्ङ्गधरांच्या मानाने एक भाग द्रव्य सहा भाग पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळावे. धन्याचा सशर्कर हिम तृष्णा व अंतर्दाह यांवर प्रसिद्धच आहे.

जलसंजीवनीबाबतही दक्षता हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती पूर्ण लिटरमध्येच विरघळवून २४ तासांत संपवावी, अर्धी पुडी पेल्यात टाकून देऊ नये. फळांच्या चवीची गोड पेये नावात ‘ओआरएस’ लावून विकली जात असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, सूत्रानुसार नसलेल्या पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. आपल्या फळीवर जुना साठा उरला असेल, तर तो जलसंजीवनी म्हणून ग्राहकाच्या हाती देऊ नये.

उष्माघात : पहिली वीस मिनिटे

तापमान ४० अंश किंवा अधिक, असंबद्ध बोलणे, झोक जाणे, आक्षेप वा बेशुद्धी म्हणजे उष्माघात. त्वचा कोरडीच असेल असे नाही. श्रमाने आलेल्या उष्माघातात घामही असतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत शीतोपचार सुरू करावेत. सावलीत नेऊन वस्त्रे सैल करावीत, डाव्या कुशीवर वळवावे, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा. पूर्ण शुद्ध नसल्यास तोंडाने पाणी, औषध वा पन्हे काहीही देऊ नये. ते श्वासमार्गात जाते. तळपायांना कांदा चोळण्यात वेळ दवडू नये. पॅरासिटॅमॉल या तापावर चालत नाही. गर्भ आहे म्हणून गार पाण्याची भीती बाळगू नये. माता लवकर निवाली तरच गर्भ वाचतो. शुद्धीवर आली तरी तिला रुग्णालयात नेऊन गर्भाची तपासणी करावीच.

समारोप

‘उष्णता’ हा शब्द आपल्या शास्त्राने लोकांना दिला, आणि लोकांनी तो प्रेमाने जपला. त्यामुळेच तो ऐकताच आपण आश्वस्त होतो आणि प्रश्न विचारणे थांबवितो. ऋतुचर्या आणि गर्भिणीपरिचर्या हे आपले बलस्थान आहे. बृंहणाचा विचार इतक्या स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच आढळेल. पण दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही परीक्षाही त्याच शास्त्राची आहे, आणि रक्तदाबमापक, तापमापक व मूत्रपरीक्षा ही आजची साधने तिचाच विस्तार होत.

त्या प्रसंगापासून आमच्या टेबलावरील काचेखाली एक चिठ्ठी ठेवलेली आहे. चैत्र ते ज्येष्ठ या काळात आलेल्या प्रत्येक गर्भिणीसाठी तिच्यावर सहाच शब्द आहेत : काम, पाणी, मूत्र, रक्तदाब, ताप, हालचाल. सहाही विचारून झाल्यावरच आम्ही शीत औषधाकडे वळतो. येत्या उन्हाळ्यापूर्वी अशी चिठ्ठी आपल्याही टेबलावर आणि दुकानाच्या गल्ल्यावर असावी, एवढीच विनंती.